कंपवाताची मनगटावरील नोंदवही

कंपवाताचा रुग्ण साधारणपणे तीन महिन्यांतून एकदा तज्ज्ञ डॉक्टरांपुढे जाऊन बसतो. तपासणी दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. तीन महिन्यांचे तास मोजले तर ते दोन हजारांच्या वर भरतात. डॉक्टरांच्या दृष्टीस पडतो तो त्यातील पाव तास, आणि तोही बहुधा फसवा असतो. दवाखान्यात जायचे म्हणून त्या दिवशीची गोळी अगदी वेळेवर घेतलेली असते, त्यामुळे रुग्ण एरवीपेक्षा बरा दिसतो. किंवा पहाटेच्या एस.टी.ने लांबचा प्रवास करून आल्यामुळे तो एरवीपेक्षा गळून गेलेला असतो. "कसे काय चालले आहे?" या प्रश्नाला "बरे आहे" असे उत्तर मिळते. घरी अकरा वाजल्यानंतर हात उचलेनासा होतो, न्हाणीघराच्या दाराशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, रात्री कूस बदलण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते, हे सांगायचे राहूनच जाते.

उरलेल्या दोन हजार तासांत रुग्णाचे काय होते, हे जाणून घेण्यासाठी गेल्या दोन दशकांत जी साधने विकसित झाली, त्यांत अंगावर वागविण्याच्या लहान संवेदकांना, म्हणजेच सेन्सरांना, महत्त्वाचे स्थान आहे. मनगटावर घड्याळासारखे बांधलेले हे उपकरण हालचालींची अखंड नोंद घेते आणि ती नोंद पुढे डॉक्टरांच्या संगणकावर पोहोचते. या साधनांविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. त्यांच्याकडून काय मिळते, काय मिळत नाही आणि मिळालेल्या माहितीचा उपयोग होण्यासाठी पलीकडच्या टोकाला कोण असावे लागते, हे प्रश्न मात्र त्या मानाने मागे पडतात.

रोगाचे स्वरूप

लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या विकारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सहा रुग्णांचे वर्णन केले असून त्यांपैकी काही जण तर त्यांनी केवळ रस्त्यात चालताना पाहिलेले होते. दवाखान्याबाहेर, रुग्णाच्या नित्याच्या जगण्यात दिसणारा रोग टिपण्याची ही रीत आजच्या मनगटी उपकरणांच्या बरीच जवळची म्हणावी लागेल. पुढे हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे त्यास आयुर्वेदाच्या परंपरेतील कंपवात हे नाव रूढ आहे.

मेंदूच्या गाभ्यात गडद रंगाच्या पेशींचा एक लहानसा भाग असतो. तेथील पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि या द्रव्याच्या साहाय्याने शरीराच्या हालचाली सुरळीत होतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. लक्षणे बाहेर दिसू लागतात तोपर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. हात स्वस्थ असताना थरथरणे, हालचाली मंदावणे, स्नायू ताठर होणे आणि पुढे तोल जाणे ही याची प्रमुख लक्षणे होत. आवाज बारीक होतो, अक्षर लहान होत जाते, चेहऱ्यावरचे भाव मावळतात. घरच्यांना वाटते, म्हातारपणामुळे माणूस अबोल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोक या विकाराने ग्रस्त होते. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हे प्रमाण लाखामागे सुमारे ३२८ आढळले होते; त्या समाजात वृद्धांची संख्या मोठी आहे, हे त्याचे एक कारण होय. आयुर्मान वाढत जाईल तसा हा विकार इतर समाजांतही अधिक दिसू लागणार, हे ओघानेच आले.

रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु लक्षणे आटोक्यात ठेवणारे प्रभावी औषध आहे, ते म्हणजे लेव्होडोपा. आपल्याकडे माळरानावर व कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत हे द्रव्य असते आणि १९३७ मध्ये मद्रासमधील दोन शास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. (म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत, कोणत्या बीत किती औषध आहे याचा भरवसा नसतो.) १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉटझियस यांनी हे औषध वाढत्या मात्रेत दिल्यास रुग्ण उठून चालू लागतात हे दाखवून दिले आणि तेव्हापासून उपचाराचे चित्रच पालटले.

येथेच पुढील अडचणीचे मूळ आहे. पहिली काही वर्षे दिवसातून तीन गोळ्यांवर दिवस चांगला जातो. नंतर गोळीचा परिणाम लवकर ओसरू लागतो, कारण हे औषध रक्तात फार वेळ टिकत नाही आणि त्याचा साठा करून ठेवणाऱ्या मेंदूतील पेशी कमी झालेल्या असतात. मग दिवसाचे तुकडे पडतात. गोळी लागू असते तेव्हा माणूस चालतो-बोलतो. ती ओसरली की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. मात्रा अधिक झाली तर उलट अंग आपोआप वळवळू लागते. सकाळी शेतावर जाऊन आलेला मनुष्य दुपारी पाण्याचा तांब्या उचलू शकत नाही, हे पाहून शेजारीपाजारी "सोंग करतो" असेही म्हणतात. रोगापेक्षा हा बोल अधिक झोंबतो, असे रुग्णांच्या नातेवाइकांकडून ऐकू येते.

मनगटी संवेदकाचे कार्य

उपचार सुधारायचा तर हे तुकडे नेमके केव्हा पडतात हे कळले पाहिजे. यासाठी पूर्वीपासून रुग्णास रोजनिशी लिहावयास सांगतात: दर अर्ध्या तासास झोप, चांगला काळ, वाईट काळ किंवा वळवळ यांपैकी एका रकान्यात खूण करावयाची. पद्धत उत्तम आहे, परंतु हात चालत नसताना खूण कशी करणार? अनेक जण रात्री बसून सबंध दिवस आठवणीने भरतात, तर काहींना थरथर आणि वळवळ यांतील फरक सांगता येत नाही.

संवेदकाची कल्पना मुळात साधी आहे. त्यात त्वरण मोजणारा एक सूक्ष्म भाग असतो. हात वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे ज्या वेगाने व ज्या झटक्याने हलतो, त्याची तो नोंद घेतो. कंपवातातील थरथर सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होते; या ठरावीक लयीमुळे ती इतर हालचालींतून निवडून काढता येते. मंदपणा ओळखणे त्याहून कठीण. तेथे हालचालींतील जोर किती कमी आहे आणि दोन हालचालींमध्ये किती वेळ जातो यांचा हिशेब मांडावा लागतो. वळवळ असेल तर हात स्थिर राहण्याचा काळच आखूड होतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे तयार झालेले पर्सनल कायनेटिग्राफ हे उपकरण याचे चांगले उदाहरण आहे. ते ज्या हातावर रोगाचा परिणाम अधिक, त्या हातास साधारण सहा दिवस बांधतात. ते सेकंदाला ५० वेळा हालचाल टिपते आणि प्रत्येक दोन मिनिटांसाठी मंदपणा व वळवळ यांचे गुणांक काढते. ठरविलेल्या वेळी ते थरथरून गोळीची आठवण करून देते. गोळी घेतल्यावर रुग्णाने त्यावर अंगठा फिरवावयाचा. मनगटावरून ते काढून ठेवले तर तेही त्यास कळते. मुदत संपल्यावर ते परत पाठवितात आणि डॉक्टरांना दिवसाच्या घड्याळावर उमटलेला एक आलेख मिळतो.

त्या आलेखाचे वाचन कसे होते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, रुग्णास सकाळी आठ, दुपारी एक व सायंकाळी सहा या वेळी गोळी दिली आहे. आलेखात साडेआठनंतर हालचाल सुधारलेली दिसते, साडेअकरानंतर ती खालावत जाते आणि एकच्या गोळीनंतर तर ती तीन वाजेपर्यंत वर येतच नाही. गोळी घेतल्याची खूण मात्र एकालाच आहे. याचे कारण यंत्र सांगत नाही. ते विचारून घ्यावे लागते. चौकशीअंती कळते की दुपारची गोळी भरल्या ताटावर, वरण-भात आणि दह्याबरोबर घेतली जाते. आहारातील प्रथिने व हे औषध यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरताना एकाच वाटेने जावे लागते, आणि त्या गर्दीत औषध मागे राहते. तेव्हा डॉक्टर गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्यास सांगतील आणि दोन गोळ्यांमधील अंतर कमी करतील. नवे औषध नाही, नवा खर्च नाही. दुपारचे तीन तास मात्र परत मिळतात. ज्याचे सगळे आयुष्य आता तासांत मोजले जाते, त्याला तीन तास म्हणजे काय हे सांगावयास नको.

इंग्लंडमधील आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये अशा पाच उपकरणांची शिफारस केली. शिफारस सशर्त होती: डॉक्टरांच्या तपासणीस पूरक म्हणून ती वापरावीत आणि वापरताना अधिक पुरावा गोळा करावा. या पाचांत मनगटावर बांधावयाची उपकरणे आहेत, तसेच एक कमरेस लावण्याचे आहे, तर दुसऱ्या एका संचात दोन्ही मनगटे, दोन्ही घोटे व कंबर अशा पाच जागी संवेदक लावतात. कमरेवरील संवेदकाचा विशेष उपयोग पाय अडकण्याची नोंद घेण्यासाठी होतो. कंपवातात पाय अडकतात ते बहुधा दारात, अरुंद बोळात किंवा वळताना. आपल्या घरांतील उंबरठा ही त्यांपैकीच एक जागा. उंबरठ्यापुढे जमिनीवर खडूने किंवा रंगाने दोन-तीन आडव्या रेघा मारल्या तर अनेक रुग्णांना त्यांवर पाऊल टाकून पुढे जाता येते. याला कोणतेही यंत्र लागत नाही, म्हणूनच की काय, ही युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते.

मर्यादा

यंत्राची दृष्टी हालचालीपुरतीच असते. कंपवातात बद्धकोष्ठता, झोपमोड, उदासपणा, वेदना, स्मृतीतील बदल अशी कितीतरी लक्षणे असतात आणि पुष्कळ रुग्णांना हात थरथरण्यापेक्षा त्यांचाच जाच अधिक होतो. मनगटावरील नोंदीत यांतील बरेचसे येत नाही. शिवाय खडबडीत रस्त्यावरून बसमध्ये बसलेल्या, कणीक मळणाऱ्या किंवा ताक घुसळणाऱ्या माणसाच्या हाताची हालचाल रोगाच्या हालचालीपासून वेगळी काढणे नेहमी साधतेच असे नाही. एका हाताची नोंद दुसऱ्या हातास लागू पडत नाही.

भ्रमणध्वनीतही त्वरण मोजणारा असाच भाग असतो. बोटांनी पडद्यावर आळीपाळीने टिचक्या मारणे, खिशात फोन ठेवून थोडे चालणे, एकच स्वर लांबवून म्हणणे यांवरून रोगाची स्थिती अजमावण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत मार्च २०१५ मध्ये सुरू झाला. हजारो लोकांनी नावे नोंदविली, पण नियमाने रोज चाचणी देणारे त्यांतील थोडेच उरले. यात लोकांचा दोष मानण्याचे कारण नाही. ज्या नोंदीचे पुढे काय झाले हे कळत नाही, ती देण्याचा उत्साह कोणालाही फार दिवस राहत नाही.

रोग दिसू लागण्यापूर्वीच तो ओळखण्याची आशाही या साधनांनी निर्माण केली आहे. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात एक लाखाहून अधिक लोकांनी प्रत्येकी सात दिवस मनगटी संवेदक वापरला होता. या नोंदींचा अभ्यास करून कार्डिफ येथील संशोधकांनी २०२३ मध्ये असे दाखविले की ज्यांना पुढे कंपवात झाला, त्यांच्या हालचालींतील मंदपणा निदानाच्या काही वर्षे, अगदी सात वर्षांपर्यंत, आधीपासून दिसत होता. संशोधनाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. परंतु रोग थांबविणारे औषध हाती नसताना निरोगी माणसाला असे भाकीत ऐकवून काय साधणार, हा प्रश्न उरतोच. बाजारातील साध्या घड्याळावरील आकड्यांवरून स्वतःचे निदान करणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल.

याहून गंभीर धोका औषधाच्या बाबतीत आहे. आलेखात वाईट काळ दिसला म्हणून घरच्यांनी परस्पर गोळी वाढविणे, किंवा वळवळ दिसली म्हणून ती एकदम बंद करणे, दोन्ही टाळले पाहिजे. लेव्होडोपा अचानक बंद केल्यास तीव्र ताप व ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

नोंद कोणाच्या हाती जाते, हेही पाहिले पाहिजे. माणूस केव्हा झोपतो, केव्हा उठतो, केव्हा असहाय असतो हे सारे त्यात असते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०२३ मध्ये कायदा झाला आहे; तथापि संमतीच्या कागदावर सही घेण्यापूर्वी तो रुग्णास त्याच्या भाषेत वाचून दाखविण्याची जबाबदारी कोणत्याही कायद्याने आपोआप पार पडत नाही.

अपस्माराचे उदाहरण

पलीकडच्या टोकाला माणूस असण्याचे महत्त्व अपस्माराच्या, म्हणजेच फेफऱ्याच्या, बाबतीत अधिक प्रकर्षाने दिसते. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाताचे झटके व त्वचेवरील घामाने होणारा विद्युत्‌वहनातील बदल यांवरून मोठा झटका ओळखणाऱ्या एका मनगटी उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी मान्यता दिली. झटका येताच ते भ्रमणध्वनीमार्फत नातेवाइकांना सूचना देते. लहान, शांतपणे येणारे झटके त्यास ओळखता येत नाहीत, आणि फोन जवळ नसेल तर सूचना जातच नाही.

पण सूचना गेली, असे धरून चालू. धावत आलेल्या माणसाने कांदा किंवा चप्पल हुंगविली, दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घातला, तर उपकरणाचा उपयोग काय झाला? शाळेतील शिक्षकांना हा प्रसंग केव्हाही येऊ शकतो. मुलाभोवतीच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, अंग दाबून धरू नये, तोंडात काहीही घालू नये, झटके थांबताच कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, तर तात्काळ रुग्णालयात न्यावे. घड्याळ येथेही लागते, पण ते भिंतीवरचे असले तरी चालते.

महाराष्ट्रातील स्थिती

कंपवाताच्या रुग्णांसाठी आपल्या राज्यात संघटित काम बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या संस्था रुग्ण व कुटुंबीय यांना एकत्र आणून व्यायाम, माहिती व धीर देण्याचे काम करीत आल्या आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाला एका भेटीसाठी एक दिवस, एका सोबत्याची मजुरी आणि प्रवासखर्च घालवावा लागतो. संवेदकाची खरी गरज अशाच रुग्णास आहे आणि तो त्याच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचेल, ही यातील विसंगती होय.

दूरस्थ सल्ल्याची वाट मात्र खुली झालेली आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेमुळे आरोग्य केंद्रातून डॉक्टरांशी बोलणे शक्य झाले आहे. लेव्होडोपा व कार्बिडोपा यांची संयुक्त गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ती जवळच्या शासकीय रुग्णालयात नियमित मिळते की नाही, ही चौकशी ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीस आजच करता येईल. गोळीत खंड पडत असेल तर तिच्या परिणामाचे आलेख काढण्यात अर्थ नाही.

उपकरण येईपर्यंत शाळेची चौकटीची वही पुष्कळ काम देते. एका पानावर एक दिवस. अर्ध्या तासाचे ४८ चौकोन आखावेत. हालचाल चांगली असेल तेथे रेघ, हात-पाय जड असतील तेथे फुली, वळवळ असेल तेथे ठिपका, झोप असेल तर चौकोन कोरा. गोळी घेतली त्या वेळेस गोल आणि जेवणाच्या वेळेस त्रिकोण. खुणा रुग्णाने न करता घरातील सातवी-आठवीच्या मुलाने किंवा सुनेने, त्या त्या वेळीच, कराव्यात; रात्री आठवून करू नयेत. मूल शाळेत असेल त्या वेळेसाठी दुसरे माणूस नेमावे. भेटीपूर्वीचे सलग तीन दिवस इतके केले तरी डॉक्टरांना दुपारचा तो साडेअकराचा उतार दिसू शकतो. वहीबरोबर चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत, कारण याच औषधाच्या १०० व २५० अशा निरनिराळ्या शक्तींच्या गोळ्या मिळतात आणि हा फरक तोंडी सांगताना हमखास राहून जातो.